ब्रॉडहेड कोणतं घ्यावं? पात्यांच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून धनुष्यबाणाच्या शिकारीच्या नादाला लागलेली मराठी मंडळी आता बऱ्यापैकी आहेत. ऑगस्ट उजाडला की दुकानातल्या ब्रॉडहेडच्या, म्हणजे शिकारीच्या बाणाला लावायच्या धारदार पात्यांच्या टोकांच्या, भिंतीसमोर उभं राहून त्यांचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. बहुतेक उदाहरणं व्हाइटटेल हरणाची आहेत, कारण आपल्यातले बहुतेकजण त्याच्याच मागे असतात. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

सरावाला लावतो त्याच टोकाने शिकार केली तर काय बिघडतं?

सगळंच. रायफलची गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार फूट वेगाने जाते आणि वाटेतल्या मांसाचा चेंदामेंदा करते. बाणाचा वेग त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. बाण मारतो तो कापून. फुप्फुसं, हृदय, यकृत आणि त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या यांतून धारदार पातं गेलं की झपाट्याने रक्तस्राव होतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेलेलं हरीण बहुधा काही सेकंदांत, शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडतं. सरावाचं गोल टोक, म्हणजे फील्ड पॉइंट, मांस बाजूला सारत पुढे जातं आणि मागे वाट पुन्हा मिटते. जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात हाल होऊन मरतं. राज्यांच्या नियमांत मोठ्या जनावरासाठी ब्रॉडहेडची सक्ती असते ती याचमुळे.

भिंतीवर पन्नास पाकिटं टांगलेली असतात. त्यात खरे प्रकार किती?

दोनच, आणि तिसरा त्यांच्या संकरातून झालेला. फिक्स्ड म्हणजे पाती कायम बाहेर, हलणारा भाग एकही नाही. मेकॅनिकल म्हणजे उडताना पाती मिटलेली, जनावराला लागल्यावर उघडतात. हायब्रिडमध्ये दोन छोटी पाती कायमची बाहेर आणि दोन उघडणारी. बाकी जे काही पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते टोक कसं आहे, पाती किती, पोलाद कोणतं आणि धार एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, एवढ्यावर येऊन थांबतं. रंगाला तर काहीच अर्थ नाही.

टोकाचे दोन प्रकार दिसतात: एकात पातंच टोकापर्यंत आलेलं, दुसऱ्यात वेगळं तिकोनी टोक. फरक काय?

पहिल्यात कापण्याचं काम टोकापासूनच सुरू होतं. कातडीला लागल्या क्षणी धार लागते, त्यामुळे आत शिरायला जोर कमी लागतो. विळीवर भाजी ओढत कापतो तेव्हा ती सहज चिरली जाते, नुसती दाबली तर चेपते, तसंच हे आहे: धारेचा उतार जितका लांब आणि निमुळता, तितकं कापणं सोपं. जुनी दोन पात्यांची ब्रॉडहेडं तीन इंच लांब आणि एकच इंच रुंद का असायची, याचं उत्तर इथे आहे.

दुसऱ्या प्रकारात, मझी कंपनीच्या ब्रॉडहेडसारख्या, पुढे कडक पोलादाचं त्रिकोणी टोक असतं. ते आधी भोक पाडतं आणि मागून पाती कापत येतात. कातडीतून शिरताना थोडी ताकद जास्त खर्च होते. बदल्यात बरगडीवर आपटलं तर टोक सहसा वाकत नाही. पातळ टोकाचं स्वस्त दोन पात्यांचं ब्रॉडहेड हाडावर तिरकं लागलं की त्याचं टोक चोचीसारखं वळलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा टोकापर्यंत धार असलेलं घ्यायचं तर जाड पात्याचं घ्या, नाहीतर तिकोनी टोकच बरं.

दोन पाती, तीन की चार?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण निम्मा वाद साध्या गुणाकाराने मिटतो. पाकिटावर व्यास लिहिलेला असतो. प्रत्यक्ष चिरेची लांबी म्हणजे पात्यांची संख्या गुणिले त्रिज्या.

सव्वा इंच व्यासाच्या दोन पात्यांची चीर सव्वा इंच. त्याच व्यासाची तीन पाती पावणेदोन इंचांहून किंचित जास्त कापतात. चार पात्यांचं एक इंची, म्हणजे स्लिक ट्रिकच्या धर्तीचं आखूड ब्रॉडहेड, दोन इंच कापतं. आणि दोन इंच व्यासाचं दोन पात्यांचं मेकॅनिकलसुद्धा दोनच इंच कापतं! आकड्यात दोघं सारखीच. फरक असा की रुंद चीर मध्यापासून लांबपर्यंत पोहोचते. आपला नेम इंचभर हुकला आणि मोठी रक्तवाहिनी कडेला राहिली, तर रुंद पातं तिथवर जाईल, आखूड नाही. उलट चार पात्यांची फुली-चीर मिटत नाही, दोन पात्यांची सरळ चीर कातडी सरकली की मिटू शकते. रक्ताचा माग काढताना याचा अनुभव येतो.

दोन पात्यांना आडवी छोटी पाती जोडण्याचा तोडगा बराच जुना आहे. मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी १९५० च्या दशकात आणलेल्या रेझरहेडमध्ये मुख्य दोन पात्यांना आडवं एक पातळ रेझर-पातं खोचता यायचं. आजचं मॅग्नस स्टिंगर त्याच कुळातलं. शिरायला दोन पात्यांइतकं सोपं, आणि भोक फुलीचं. हा प्रकार मला फार आवडतो, आणि दुकानदार तो सहसा पुढे करत नाहीत कारण तो दिसायला काहीच खास नाही.

मेकॅनिकलची चीर एवढी मोठी असते, मग फिक्स्ड घ्यायचंच कशाला?

मेकॅनिकलच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आधी ते. मिटलेलं असल्यामुळे ते जवळजवळ फील्ड पॉइंटसारखं उडतं. धनुष्य थोडं बिघडलेलं असलं तरी चालवून घेतं. आणि नीट लागलं तर मागे पडलेलं रक्त बघून माग काढायला कंदीलसुद्धा लागू नये.

आता हिशेबाची दुसरी बाजू. पाती उघडायला ताकद लागते आणि ती बाणाच्याच ताकदीतून जाते. उघडल्यावर दोन इंच रुंद पातं मांसातून ओढत न्यायलाही ताकद लागते. म्हणजे भोक मोठं, पण खोली कमी. बाण पलीकडून बाहेर पडला नाही तर काय होतं? आपण वीस फूट उंच मचाणावर बसलेलो असतो, बाण वरून खाली जातो. आत शिरलेलं भोक वर, पाठीच्या बाजूला. खालचं, पोटाकडचं भोक पडलंच नाही, तर रक्त छातीच्या पोकळीत साठतं आणि जमिनीवर थेंब पडायला वेळ लागतो. हरीण तोवर ओढा ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीत गेलेलं असतं. माझा सगळा कौल यावरच ठरतो: एका मोठ्या भोकापेक्षा दोन मध्यम भोकं बरी, आणि त्यातलं एक खाली.

खांद्याच्या हाडाचाही विचार करा. व्हाइटटेलचा खांदा पातळ असतो खरा, पण त्याच्या सांध्याकडचा आणि मध्यावरच्या उभ्या कंगोऱ्याचा भाग चांगलाच जाड. तिथे उघडलेलं लांबट पातं बहुधा वाकतं किंवा तुटतं. जाड पात्याच्या आखूड फिक्स्डला तिथे जास्त आशा असते. खात्री कोणालाच नाही.

तेव्हा मेकॅनिकल वाईट नाही. ६० पाउंडांच्या वरचं (दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य, पुरेसा जड बाण, आपल्याकडे कूस करून आडवं उभं असलेलं किंवा किंचित पलीकडे तोंड केलेलं हरीण, आणि फार तिरक्या कोनातून बाण न सोडण्याचा संयम, एवढं असेल तर खुशाल वापरा. यातलं एक जरी नसेल तर फिक्स्ड.

मेकॅनिकलमध्येही पुढून उघडणारं आणि मागून उघडणारं असतं म्हणे?

हो. स्पिटफायरसारख्यांची पाती टोकाजवळ मिटलेली असतात. लागल्यावर त्यांची टोकं अडकतात आणि पाती छत्री उलटी होते तशी मागे पडून उघडतात. कातडीत शिरतानाचं भोक लहान, आतलं मोठं, कारण पूर्ण उघडायला दोन-तीन इंच लागतात. रेजसारख्यांची पाती मागे सरकत बाहेर येतात, त्यामुळे कातडीवरच पूर्ण रुंदीची चीर पडते. आज दुकानांत दुसऱ्या प्रकाराचाच बोलबाला आहे आणि तो योग्यही आहे.

फक्त पाती मिटून धरणारी रबरी रिंग किंवा प्लास्टिकची कॉलर बाणागणिक तपासा. भात्यातून काढताना, झुडपातून जाताना एखादं पातं अर्धवट उघडतं आणि अंधारात लक्षात येत नाही. असा बाण कुठेही जाऊ शकतो. थंडीत प्लास्टिक कॉलर ठिसूळ होते, म्हणून मागच्या वर्षीची कॉलर या वर्षी वापरू नका. चार आणे वाचवण्याची ही जागा नव्हे.

माझ्या धनुष्यात पुरेसा दम आहे की नाही, कसं कळणार?

बाणाचं पूर्ण वजन ग्रेन या छोट्या एककात (एका ग्रॅममध्ये सुमारे १५ ग्रेन) घ्या (ब्रॉडहेड, ते आवळायचं इन्सर्ट, पिसं, दोरीत अडकणारी मागची खाच म्हणजे नॉक, सगळं धरून), वेग फूट प्रतिसेकंदात. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले ४,५०,२४०. येतो तो आकडा फूट-पाउंडांतली ऊर्जा. वेग मोजायचं यंत्र बहुतेक धनुष्याच्या दुकानांत असतं, दोन बाण मारून बघायला कोणी नाही म्हणत नाही.

उदाहरण: ४३० ग्रेनचा बाण, २६५ फूट वेग. ऊर्जा सुमारे ६७. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीचा जो तक्ता सगळीकडे चालतो, त्यात हरणासाठी २५ ते ४१, एल्क आणि काळ्या अस्वलासाठी ४२ ते ६५ असे पट्टे आहेत. म्हणजे ६७ मध्ये हरणासाठी दोन इंची मेकॅनिकलही बसतं.

पण नुसती ऊर्जा फसवते. एकाच धनुष्यातून ४०० ग्रेनचा बाण २८० फुटांनी आणि ५०० ग्रेनचा साधारण २५२ फुटांनी सुटला, असं धरा. दोघांची ऊर्जा जवळपास सारखी, ७० च्या आसपास. संवेग (वजन गुणिले वेग) मात्र जड बाणाचा सुमारे १२ टक्के जास्त. मांसाच्या विरोधाला तोंड देत पुढे जात राहणं हे संवेगाचं काम. म्हणून बाण आरपार जात नसेल तर आधी बाण जड करा, ब्रॉडहेड नंतर बदला.

बायकोचं धनुष्य ४० पाउंडांचं आहे आणि तिची खेच (दोरी मागे ओढण्याचं अंतर) आखूड. तिने काय लावावं?

दोन पात्यांचं, टोकापासून कापणारं फिक्स्ड, एक ते सव्वा इंच रुंद. दुसरा विचार करू नका. ३६० ग्रेनचा बाण २०५ फुटांनी गेला तर ऊर्जा ३४ च्या आत येते. हरणासाठी ती पुरते, पण पाती उघडण्यात उधळायला शिल्लक राहत नाही. वीस यार्डांच्या आत, आडवं हरीण, वस्तऱ्यासारखी धार, एवढं पाळलं तर असा बाण आरपार जातो. त्यांना कोणी गुलाबी रंगाचं मेकॅनिकल ‘लेडीज मॉडेल’ म्हणून विकायला लागला तर दुकान बदला.

हेच उत्तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी आणि हलक्या रिकर्व्ह (कप्प्या नसलेल्या, टोकं वळलेल्या) धनुष्यांसाठीही.

सिंगल बेव्हलचं एवढं काय कौतुक आहे?

साध्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार देऊन धार काढतात. सिंगल बेव्हलमध्ये उतार एकाच बाजूला, बहुधा २५ अंशांचा, दुसरी बाजू सपाट. मांसात आणि हाडात शिरताना उताराच्या बाजूने दाब येतो आणि ब्रॉडहेड पिळत पिळत पुढे जातं. हाडाला नुसतं भोक पडण्याऐवजी ते तडकतं.

याच्या मागे डॉ. एड अ‍ॅशबी यांचं नाव येतं. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सुरुवात करून त्यांनी बाण किती खोल जातो आणि का, याच्या चाचण्या वर्षानुवर्षं केल्या. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे: आधी बाण मोडता कामा नये, तो सरळ उडला पाहिजे, मग धार आणि निमुळता आकार, आणि जाड हाड फोडायचं असेल तर बाणाचं वजन ६५० ग्रेनच्या घरात हवं. या शेवटच्या आकड्यावरून इकडे हरणामागे जाणारे पठ्ठेही ६५० ग्रेनचे बाण बनवू लागले. अहो, ते रेडा-म्हशींच्या जातीच्या अवाढव्य जनावरांवरच्या चाचण्यांतून आलेलं आहे. न्यू जर्सीतल्या दीडशे पाउंडांच्या हरणाला त्याची गरज नाही, आणि एवढा जड बाण तीस यार्डांपुढे इतका खाली पडतो की अंतराचा अंदाज दोन-तीन यार्ड चुकला तरी नेम गेला.

एल्कच्या मागे कोलोराडोला जाणार असाल तर मात्र सिंगल बेव्हल आणि ५०० च्या वरचा बाण मनावर घ्या. पिसांचा पीळ आणि उताराची दिशा जुळली पाहिजे: उजवा बेव्हल तर उजवा पीळ. उलटसुलट लावलं तर बाण हवेत एकीकडे आणि मांसात दुसरीकडे फिरायला बघतो, आणि पैसे वाया.

१०० ग्रेन की १२५?

सराव ज्या वजनाच्या टोकाने केला तेच. बहुतेक तयार बाण १०० धरून निवडलेले असतात. १२५ लावलं की पुढचं टोक जड होतं, सुटताना बाणाची काठी जास्त वाकते आणि कडक काठीचा बाण लागू शकतो. १२५ मध्ये पाती थोडी जाड मिळतात, हा खरा फायदा. पण बदल मे-जूनमध्ये करा, हंगामाच्या आदल्या आठवड्यात नको.

फिक्स्ड लावलं की बाण फील्ड पॉइंटच्या जागी लागत नाही. ब्रॉडहेड खराब आहे का?

बहुधा नाही. धनुष्य जुळलेलं नाही.

फील्ड पॉइंट लावलेला बाण सुटताना थोडा वाकडा निघाला तरी मागची पिसं त्याला सरळ करतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. फिक्स्डची पाती पुढे हवा कापतात. बाण जरा तिरका निघाला की त्या पात्यांवर हवेचा दाब येतो आणि पुढचं टोक त्या दिशेने ओढलं जातं. म्हणजे ब्रॉडहेड दोष निर्माण करत नाही, असलेला दाखवून देतं. मेकॅनिकलवर उडी मारणारे बहुतेकजण हा दोष दुरुस्त करण्याऐवजी झाकतात. तिरका उडणारा बाण मांसातही तिरकाच शिरतो, आणि तिथे ताकद वाया जाते, पाती कोणतीही असोत.

करायचं काय ते क्रमाने. आधी बाण फिरवून बघा: ब्रॉडहेडचं टोक तळहातावर किंवा काचेवर ठेवून बाण भिंगरीसारखा फिरवला की टोक थरथरतं का ते डोळ्यांना दिसतं. थरथरलं तर इन्सर्ट वाकडं बसलेलं आहे, तो बाण सरावाला ठेवा. मग वीस यार्डांवरून फील्ड पॉइंटचे तीन आणि ब्रॉडहेडचे तीन बाण मारा, वेगवेगळ्या ठिपक्यांवर, नाहीतर पिसं कापली जातील. ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल तर बाण टेकायची रेस्ट केसभर, म्हणजे एक बत्तिसांश इंच, उजवीकडे. उजवीकडे लागत असेल तर डावीकडे. खाली लागत असेल तर रेस्ट किंचित वर. म्हणजे ब्रॉडहेड फील्ड पॉइंटकडे न्यायचं. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर पुन्हा सहा बाण. संध्याकाळ जाते. तीस-चाळीस यार्डांवर दोन्ही एकत्र पडू लागले की मग साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावायचा, आधी नाही.

एवढं करून ज्याचं तीन किंवा चार पात्यांचं आखूड फिक्स्ड चाळीस यार्डांवर फील्ड पॉइंटला चिकटून लागतं, त्याला मी ब्रॉडहेडबद्दल काही सांगायला जात नाही.

पाकिटातून काढलेलं ब्रॉडहेड धारदारच असतं ना?

असायला हवं. नेहमी नसतं. जाडसर रबर बँड दोन बोटांत ताणून धरा आणि पात्याची धार त्याला हलकेच टेकवून ओढा. जोर न लावता कापला गेला तर ठीक. आधी सरकला, दबला, मग तुटला, तर धार नाही. दाढीचे केस निघतात का ही चाचणीही चालते, पण बोथट कडेलाही बारीक कणी आलेली असली की केस निघतात आणि मांसात ती कणी पहिल्या इंचातच वाकते.

तीन पात्यांचं अखंड ब्रॉडहेड, माँटेकसारखं, सपाट दगडावर दोन पाती एकदम टेकवून पुढे-मागे घासता येतं, कोन आपोआप बरोबर राहतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा ओढलं की कणी जाते. बदलता येणाऱ्या पात्यांची मात्र धार काढत बसू नका, नवी घाला. आणि फोमच्या टार्गेटमध्ये मारून बघितलेलं पातं शिकारीला न्यायचं नाही. फोमने धार जाते, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

पोलाद, जाडी, किंमत: महाग ते चांगलं का?

एका मर्यादेपर्यंत. तीन नगांचं पाकीट साधारण ४०-५० डॉलरला येतं, टूल स्टीलचं सिंगल बेव्हल शंभराच्या घरात. बदलती पाती साधारण ०.०३ इंच जाड असतात, महागड्यांची दुप्पट. हरणासाठी मधला भाव पुरतो. अतिस्वस्त ऑनलाइन मिळणारी नावाजलेल्या ब्रॉडहेडांची नकली पिल्लं टाळा. आटे नीट बसत नाहीत, पाती पहिल्या बरगडीवर तुटतात.

एक बारीकशी गोष्ट: त्या किमतीत अमेरिकेच्या केंद्र सरकारचा ११ टक्के उत्पादन कर दडलेला असतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, आणि १९७२ मध्ये सुधारणा करून धनुष्यबाणाचं सामानही त्यात घेतलं. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम आला तेही १९७२ सालीच. दोन देश, एकच साल, दोन अगदी वेगळ्या वाटा.

भोकं पाडलेली पाती आवाज करतात, त्याने हरीण बिचकतं का?

शिट्टीसारखा आवाज येतो खरा, पण हरीण बिचकतं ते मुख्यतः धनुष्य सुटल्याच्या आवाजाने. तीस यार्डांवर तो आवाज सेकंदाच्या बाराव्या हिश्शात पोहोचतो, २७० फुटांच्या बाणाला एक तृतीयांश सेकंद लागतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडतं आणि फूटभर खाली जातं. त्यावर ब्रॉडहेडने इलाज होत नाही. जवळून मारा आणि नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरा.

क्रॉसबोसाठी, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्यासाठी, वेगळं लागतं का?

वेग ४०० फुटांच्या पुढे असेल तर हो. तिथे फिक्स्डची मोठी पाती बाण भरकटवतात आणि साध्या मेकॅनिकलची पाती सुटतानाच उघडू शकतात. ‘क्रॉसबो’ असं छापलेलं, घट्ट कॉलरचं मेकॅनिकल किंवा अगदी आखूड फिक्स्ड घ्या.

बाण लागला. आता ब्रॉडहेडने केलेलं काम कसं वाचायचं?

मचाणावरून उतरायची घाई नको. हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, त्या दोन झाडांवर नजर पक्की करा. अर्ध्या तासाने बाण शोधा आणि बोटाने पुसून बघा. गुलाबीसर, बुडबुडे आलेलं रक्त म्हणजे फुप्फुस, माग धरा. गडद, काळपट लाल रक्त बहुधा यकृताचं: चार ते सहा तास थांबा. बाणावर हिरवट-तपकिरी चोथा आणि घाण वास असेल तर पोटात लागला आहे, आठ ते बारा तास. लवकर गेलात तर हरीण उठून मैलभर जातं आणि मग सापडत नाही. रुंद मेकॅनिकलचा एक खरा फायदा इथे दिसतो: चुकून मागे लागलेल्या बाणातही ते जास्त कापतं. पण त्या आशेवर नेम धरायचा नसतो.

पातीही मोजा. एखादं कमी असेल तर ते मांसात आहे. साफ करताना हात जपून घाला.

कायदा काय म्हणतो?

राज्यागणिक वेगळं. पेन्सिल्व्हेनियात कापणारी रुंदी किमान ७/८ इंच लागते, न्यू जर्सीत हरणासाठी ३/४ इंच. बऱ्याच राज्यांत मागे वळलेले काटे असलेलं ब्रॉडहेड चालत नाही. ओरेगॉन आणि इडाहो इथे मेकॅनिकलवर वर्षानुवर्षं बंदी होती. हे नियम बदलत राहतात, म्हणून दुसऱ्या राज्यात जाण्याआधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका उघडा. गेल्या वर्षी मित्राने सांगितलेलं धरून चालू नका.

एच-१बी वर आहे. बंदूक घेता येत नाही म्हणतात, धनुष्य चालेल का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत फायरआर्म म्हणजे स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं हत्यार, धनुष्य त्यात येत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी बंदुकीचे जे निर्बंध आहेत ते त्याला लागू नाहीत. शिकारीचा परवाना आणि त्याआधीचा सुरक्षेचा अभ्यासक्रम मात्र सगळ्यांसारखाच. काही राज्यांत, न्यूयॉर्क त्यातलं एक, धनुष्याच्या शिकारीसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे.

सुट्टीत गावी जाताना धनुष्य न्यावं म्हणतो. रानडुकरं फार झाली आहेत.

शिकारीसाठी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९९१ साली सुधारणा झाल्यापासून भारतात हौसेखातर शिकारीला वावच नाही, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या डुकरांबाबत काही परवानगी असलीच तर ती वन खात्याकडून मिळते, गावच्या पारावर ठरत नाही. ब्रॉडहेडं इथेच ठेवा. कम्पाउंड (कप्प्यांच्या) धनुष्याची हौस असेल तर गावाकडे कागदी टार्गेटवर भागवा. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कम्पाउंडची वैयक्तिक सुवर्णं साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने आणली. गावात धनुष्य घेऊन गेलात तर पोरं तुमच्याकडून ब्रॉडहेडबद्दल नाही, त्यांच्याबद्दल ऐकायला बसतील.

ब्रॉडहेड चढवताना आणि टाकताना काय काळजी घ्यायची?

पाकिटात प्लास्टिकची छोटी पकड येते, तिनेच आवळा. ती हरवली तर बाजारात वेगळी मिळते, रुमालात धरून फिरवणं म्हणजे टाके घालून घेणं. भात्यात पाती फोममध्ये पूर्ण बुडलेली हवीत. मचाणावर चढताना बाण अंगावर नको, दोरीने मागाहून वर ओढा. वापरलेली पाती औषधाच्या गोळ्यांच्या जुन्या बाटलीत टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि वर लिहा. कचरा उचलणाऱ्याला आत काय आहे हे वाचता आलं पाहिजे.